तेजूचा खोकला, माझा गूळ आणि शैलाबाई

शैलाबाई,

तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी माईक हातात धरून तसाच खाली बसलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचा गळा दाटला. गळा बिळा काही दाटला नव्हता. गुऱ्हाळावर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज आहे माझा, घाणा चालू असताना पलीकडच्या बांधाला ऐकू जायचा. मी बसलो, कारण तोंडाशी एकच गोष्ट आलेली आणि ती चारचौघांत सांगायचा धीर झाला नाही. पहिल्या रांगेत माझा भगवान बसला होता. पोटचा पोरगा.

बाहेर चपला शोधत होतो तर तुझ्या हाताखाली शिकलेली अमृता मागनं आली. म्हणाली, "आज्जा, बाईंच्या आठवणींचं बारकं पुस्तक करतोय आम्ही. वॉर्डातच ठेवणार. ऑपरेशनला आलेल्या पोरांच्या घरच्यांनी वाचावं म्हणून. तुम्ही लिहून द्या."

"मी दुसरीत शाळा सोडलीया," म्हणालो.

"मग दुसरीतल्यागत लिवा की."

तुझीच चेली. उत्तर तयारच.

म्हणून लिहितोय. आठ दिवस लागले. तुझा जन्म कुठला, तू किती शिकलीस, किती वर्षं नोकरी केलीस, ते बाकीचे लिहितील. मी कधी विचारलं नाही आणि तूही सांगत बसली नाहीस. शिरोळकडची आहेस एवढं बोलण्यावरनं कळायचं. मला ठाऊक आहेत ते तुझे हात. आणि ठाऊक आहे ते आपलं भांडण. सहा वर्षं तू मला एकच सांगत आलीस, "आज्जा, ती गुळाची गोष्ट लोकांस्नी सांगा." आणि सहा वर्षं मी म्हणत आलो, "न्हाय सांगणार." भांडण मिटलं नव्हतं आणि तू मधूनच उठून गेलीस. असं करायचं नसतं, बाई. समोरच्याला हरायला तरी वेळ द्यायचा असतो.

आपली पहिली भेटच भांडणाची. माझी नात तेजू तेव्हा सहा वर्षांची. जन्मापासनं काळजाला भोक. चार पावलं पळाली की मटकन खाली बसायची, आणि आम्ही म्हणायचो पोरगी नाजूक आहे. शेवटी ऑपरेशन झालं. आतल्या खोलीतनं बाहेर वॉर्डात आणली तेव्हा तिच्या छातीवर मधोमध ही एवढी पट्टी. मी बघितलं आणि नजर खिडकीकडं नेली. चुलवाणाच्या, गुऱ्हाळाच्या भट्टीच्या, तोंडाशी उभं राहून ज्याच्या डोळ्याला कधी पाणी आलं नाही असा माणूस मी.

तू आलीस, फिजिओवाली बाई, पांढरा डगला घालून, बगलेत एक लहान उशी. तेजूला अलगद बसती केलीस, उशी तिच्या छातीशी धरायला दिलीस, आणि हाताची ओंजळ करून तिच्या पाठीवर टप टप सुरू केलंस. तेजू कळवळली. मी उठून तुझं मनगटच धरलं.

"ए बाई! कापल्यालं पोर हाय ते. मारती काय?"

"मारतोय कुठं आज्जा? कफ सुटा करतोय."

"तुला पोटचं लेकरू असतं तर हात उठला नसता."

 भगवानची बायको सुनीता, तिनं तोंडाला पदर लावला. तू माझ्याकडं बघितलंस आणि हसलीस.

"दोन हायत. दोघांस्नी धोपटलंय. थोरला तर इंजिनेर झाला त्यानं. आता सोडा मनगट, रग लागली."

सोडलं. पण मनातनं सोडलं नाही. त्या बोलण्याबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही. ती आता ह्या कागदावर घे.

तू जाताना सांगून गेलीस, पोरीला तासातासाला मोठा श्वास घ्यायला लावा, फुगे फुंकायला द्या, आणि खोकला आला की खोकू द्या. उशी छातीशी दाबून धरायची आणि खोकायचं. सुनीतानं मान हलवली. मीही हलवली. माझ्या मनात निराळंच होतं.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. मी गुळव्या. काईलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस उकळून पाक झाला की तो उतरवायची वेळ कुठली, ते बघणारा माणूस. पाक झाला की घोटायचा आणि साच्यात भरायचा. आणि एकदा भरला की बसेपर्यंत त्याला कुणी धक्का लावायचा नाही. बसत असताना हलवला तर रव्याला, म्हणजे ढेपेला, तडा जातो, मग तो बाजारात कुणी घेत नाही. किती पोरांच्या कानाखाली मी ह्यापायी वाजवली असेल. तेजूची छाती मला तशी दिसली. नुकतीच जोडलेली, बसायची आहे, धक्का लावायचा नाही. गावाकडनं बघायला येणारी माणसंही तेच म्हणत, "खोकली तर टाके उसवतील हं आबा, जपा." मग काय, मला जोरच आला. मी फर्मान काढलं. पोरीला हसवायचं नाही, रडवायचं नाही, आणि खोकू तर द्यायचंच नाही.

बंडीच्या खिशात माझ्या हातचा गूळ असायचाच. तेजूला खोकला यायला लागला की तिचा चेहरा आधी आवळायचा, मला लांबनं कळायचं. सुनीता इकडंतिकडं झाली की मी बोटाच्या पेराएवढा खडा तिच्या जिभेवर ठेवायचो. "चोख आणि गिळ. खोकायचं न्हाय. शाणी माझी बाय." ती चोखायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण गिळायची. घरात ती ऐकायची ती फक्त माझं. आईला उलटून बोलायची, बापापुढं हट्ट करायची, पण आज्जानं म्हटलं की संपलं. शेजारच्या खाटेवरचं पोर दिवसभर खोकायचं. मी त्याच्या बापाला म्हणालो, "बघा आमची तेजू. एकदा खोकली न्हाय." छाती फुगवून म्हणालो.

दोन दिवस असं चाललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं अंग तापलं. श्वास उथळ आणि भराभर, मांजराच्या पिलासारखा. बोटाला लावलेल्या चिमट्याचं यंत्र वाजायला लागलं. फोटो काढला. डॉक्टर भगवानला म्हणाले, "डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग बसलाय. कफ अडकलाय आत. आज दिवसभर फिजिओ करून बघू, संध्याकाळी परत एक्स-रे. उघडलं नाही तर पुन्हा आत नेऊन नळी घालावी लागेल, मशीनवर ठेवावं लागेल."

भगवान साखर कारखान्यात फिटर. बॉयलरला न भिणारा गडी, त्यानं डॉक्टरांना तेच दोनदा विचारलं. मग चिठ्ठी घेऊन औषध आणायला पळाला. सुनीता जिन्यात जाऊन रडत होती. तेजूजवळ मी एकटा.

तू आलीस. तिच्या पाठीला कानातली नळी लावून ऐकलंस, वर, खाली, परत खाली. मग थांबलीस. वाकून तिच्या तोंडाचा वास घेतलास.

"नवा गूळ हाय ह्यो," म्हणालीस. "कुणी दिला गं?"

तेजूनं हनुवटीनं मला दाखवलं.

मी खिशावर हात ठेवला. चोरासारखा. तू काही ओरडली नाहीस. मला वाटलं होतं, आता ही वॉर्ड डोक्यावर घेणार. मी उत्तरही जुळवत होतो, की माझा गूळ आहे, रसायनाचा नाही, भेंडीच्या चिकानं साफ केलेला आहे, त्यानं कुणाचं वाईट होत नाही.

"कितीदा दिला आज्जा?"

"खोकला आला की."

"आणि तिनं काय केलं?"

"गिळला. मीच सांगितलं गिळ म्हणून. टाके उसवतील की."

तू खाटेच्या कडेला बसलीस. तुझं तोंड मला अजून दिसतं. राग नव्हता. माझ्या गुऱ्हाळावर पाक जरा पुढं गेला की मी जसा बघायचो, आता काय करता येईल असा, तशी तू बघत होतीस.

"टाके उसवत न्हाईत. हाड तारेनं बांधलंय. पर त्यो कफ तिथं बसला तर पोरगी परत मशीनवर जाईल," म्हणालीस. "तुमचं सोडून ती दुसऱ्या कुणाचं ऐकती?"

"कुणाचंच न्हाय."

"मग तुम्हीच काढायचा. हात द्या इकडं."

माझा पंजा धरून तू तेजूच्या पाठीवर ठेवलास, डावीकडं, बरगडीच्या खाली. तिला म्हणालीस, घे बाळ श्वास. मला म्हणालीस, "काय लागतंय हाताला?"

मी डोळे मिटले. तुला आता सांगतो, त्या क्षणाला मी पहिल्यांदा घाबरलो. कारण मला ते ओळखीचं लागलं. काईलीत रस जड झाला की ढवळायच्या दांड्यात एक थरथर येते, आतले बुडबुडे दाटून फुटतात त्याची. चाळीस वर्षं तीच थरथर बघून मी काईल उतरवली. तीच माझ्या नातीच्या बरगडीत होती.

"खदखदतंय," म्हणालो. "हितं. आणि जरा वर कायच न्हाय, मुकं हाय."

तू मान वर करून बघितलंस. "शिकायला आलेल्या पोरींस्नी हे कळायला सहा महिने लागत्यात. मुकं हाय तिथंच हवा जाईना झालीया. तिथला कफ हलवायचाय. आता ओंजळ करा. पोकळ. आवाज असा आला पायजे, चापटीवानी न्हाय."

मी शिकलो. आयुष्यात बाईमाणसाकडनं शिकलेलं पहिलं काम. तू तिला उजव्या कुशीवर वळवलंस, डावी बाजू वर, आणि मी माझ्या हातानं नातीची पाठ धोपटली. दोन दिवसांमागं ज्यापायी तुझं मनगट धरलं होतं तेच.

आणि मग खोकायची वेळ आली. उशी तिच्या छातीशी धरली आणि मी म्हणालो, "तेजू, खोक."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तूच म्हणालतास गिळ म्हणून."

बाई, मी घरात कुणापुढं वाकलेलो नाही. बायको चाळीस वर्षं वाट बघून गेली, तिच्यापुढंही नाही. त्या सहा वर्षांच्या पोरीपुढं मला तोंड उघडायला किती वेळ लागला ते तू बघितलंस. तू मधे बोलली नाहीस. तू बोलली असतीस तर मी सुटलो असतो.

"म्हणालतो," म्हणालो. "चुकलं माझं."

"तुझं?"

"माझं."

"दुखतंय आज्जा."

"ठाव हाय मला."

"तुला न्हाय ठाव. तुझं कुठं कापलंय?"

 तू तोंड फिरवून हसू दाबलंस. मग तेजूनंच तोडगा काढला. "आधी तू खोक."

मी खोकलो. तुला माझा खोकला ठाऊक आहे. धुरात पिकलेला. एकदा सुटला की थांबत नाही, खालनं वर येतो, शिट्टी मारतो, परत खाली जातो. शेजारच्या खाटेवरचं पोर दचकून उठून बसलं. नर्सबाई पाण्याचा पेला घेऊन पळत आली. आणि तू म्हणालीस, "आज्जा, तुमच्या छातीत अख्खं गुऱ्हाळ चालू हाय की वो!"

तेजू हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. हसता हसता दुखलं, तिनं उशी आवळून धरली, हसू थांबेना, आणि त्या हसण्यातनंच खोकला फुटला. एक. दोन. तिसऱ्याला तिच्या पाठीवरच्या माझ्या हाताखालचं ते खदखदणं हललं. मला कळलं, डोळ्यांनी दिसायच्या आधी कळलं. मी ओरडलो, "सुटलं!" आणि तू खाली वाडगा धरलास.

पुढं दिवसभर तेच. वळवायचं, धोपटायचं, भिरभिरं फुंकायला लावायचं, खोकायचं, पाणी, जरा झोप, परत. ती रडायची, मला शिव्या द्यायची. "तू वंगाळ हायस आज्जा." व्हय, वंगाळ हाय, खोक. तुझी बाकीची पोरं बघायला तू मधे मधे जायचीस आणि परत यायचीस. दिवस कलला तेव्हा फोटो काढायला नेली. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला, तू त्यांच्या खांद्यावरनं बघितलंस, आणि माझ्याकडं वळून नुसती मान हलवलीस.

उघडलं होतं.

तवर बाहेर दिवस मावळला होता. सुनीतानं तुझा डबा बघितला, तसाच बंद. ती म्हणाली, "बाई, तुम्ही जेवला न्हाईसा?" तू म्हणालीस, "आता उद्या." मला वाटलं उपास असेल. सुनीतानं नंतर सांगितलं, तुम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. म्हणजे आमच्या पोरीच्या खोकल्यापायी तू त्या दिवशी उपाशी घरी गेलीस आणि त्याचा शब्द काढला नाहीस. मी त्यासाठी तुला कधी काही म्हणालो नाही. आमच्यात आभार मानत नाहीत, गूळ पाठवतात. दर हंगामाचा पहिला रवा तुझ्या घरी आला, तो त्या एका डब्याचा होता. तुला कुणी सांगितलं नसेल तर आता सांगतो.

त्याच वेळी भगवान आला. तू त्याला म्हणालीस, "तुमच्या वडलांनी काढला कफ. त्यांच्यामुळं नळी टळली."

माझा भगवान, ज्याचं माझं वर्षानुवर्षं सरळ बोलणं नव्हतं, तो वॉर्डात सगळ्यांदेखत माझ्या पायावर पडला. मी तुझ्याकडं बघितलं. आता सांगशील म्हणून. गूळ कुणी दिला, कफ कुणामुळं बसला, एका वाक्याचं काम होतं. तू तुझी उशी बगलेत मारलीस आणि पुढच्या खाटेकडं गेलीस.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. आबानं नातीचा जीव वाचवला. पारावर माझ्यासाठी सरकून जागा व्हायला लागली. भगवान मला विचारून कामं करायला लागला. सुनीता पहिली भाकरी माझ्या ताटात टाकायला लागली. हे सगळं मला आवडलं, खोटं कशाला बोलू. आणि जितकं आवडत गेलं तितकं खरं सांगणं अवघड होत गेलं.

तू मात्र मला सोडलं नाहीस. दोन महिन्यांनी तेजूला दाखवायला आणली तेव्हा म्हणालीस, "आज्जा, फोन नंबर देऊन जावा. तुमचं काम हाय." मला वाटलं गूळ पाहिजे असेल. आठ दिवसांत फोन आला. "हितं एक आज्जी आल्यात मलकापूरकडनं. नातवाला हात लावू देईनात. तुमच्यापरीस खमक्या हायत. बोला जरा." आणि फोन तिच्या कानाला लावलास.

मी बोललो. "ओ पावणं, माझ्या नातीचीबी छाती कापलीती. आता ती झाडावर चढती. बाई धोपटती ते मारत न्हाय, ते आपल्या बऱ्याचं हाय." ती म्हातारी मला म्हणाली, "तुम्ही कोण मोठं डागदार?" मी म्हणालो, "गुळव्या हाय." ती म्हणाली, "मग गूळ करा की." अर्धा तास भांडलो आम्ही. शेवटी तिनं हात लावू दिला. पुढं किती आज्जा-आज्ज्यांशी तू मला भांडायला लावलंस, देव जाणे. फोन आला की घरातली सगळी गोळा व्हायची, आता आबा कुणाला झापतोय ते ऐकायला.

आणि दर खेपेला फोन संपताना तू म्हणायचीस, "सगळं सांगितलासा, गुळाचं तेवढं सांगितलं न्हाईसा."

"ते न्हाय सांगणार."

"तेच पटंल त्यास्नी. दुसऱ्यानं केलेली चूक ऐकली की माणूस आपली बघतंय. हितं कोण खडीसाखर देतंय, कोण मध चाटवतंय, सगळी खोकला दाबत्यात. माझं ऐकत न्हाईत, मी डगलेवाली."

"बाई, दुसरं काय पण सांग. माझी अब्रू हाय गावात."

"बरं," म्हणायचीस. "तुमचं तुम्ही बघा." पण पुढच्या फोनला परत तेच. माझ्याइतकं हट्टी माणूस मी तुझ्याशिवाय बघितलं नाही.

गुऱ्हाळावर आलीस ती दुपार मला विसरायची नाही. मी तुझ्यासाठी आलं घालून खास वडी केली होती. तू हातात घेतलीस, वास घेतलास, आणि खाली ठेवलीस. "आलं घातलंय व्हय? आमच्यात जमिनीखालचं चालत न्हाय." मी असा खट्टू झालो की तू घाईघाईनं म्हणालीस, "ताजा गरम गूळ द्या की, नुसता." पळसाच्या पानावर दिला. तू उभ्यानं खाल्लास, बोटं चाटलीस, आणि मग काईलीजवळ जाऊन कान देऊन उभी राहिलीस. कितीतरी वेळ. मी म्हणालो, "काय ऐकती?" तू म्हणालीस, "तुम्ही माझं काम शिकलासा, मी तुमचं शिकतोय." माझ्या कामाला असा कान कुणी दिला नव्हता, बाई. माझ्या पोरानंही नाही. लोक गूळ बघतात. तू ऐकलास.

तुझा शेवटचा फोन. आवाज बारीक झाला होता, मधे मधे दम लागत होता. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. म्हणालीस, एक आजोबा आहेत, बेदाणे देऊन नातवाचा खोकला दाबतात, कबूल होईनात. "ह्या खेपेला तरी सांगा, आज्जा." आणि मी ह्याही खेपेला नेहमीचंच बोललो. झाडावर चढते, जोरात ओरडते, सगळं. गुळाचं नाही. चार दिवसांनी अमृताकडनं कळलं, त्या पोराला परत नळी घालावी लागली. पुढं पोर वाचलं, घरी गेलं. पण आठ दिवस मशीनवर राहिलं ते. त्याबद्दल तू मला एक शब्द बोलली नाहीस. बोलायला तू उरलीही नाहीस.

म्हणून सभेत बसलो खाली.

परवा दुपारी जेवताना मी घरात सांगितलं. हे लिहून छापायला द्यायच्या आधी त्यांना माझ्या तोंडनं कळावं म्हणून. तेजू शाळेत होती; तिनं गुळाचं सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या शब्दाबाहेर नाही ती. भगवाननं हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेला. सुनीता ताटं उचलत राहिली. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. सहा वर्षं फुकटची भाकरी खाल्ली, आता हे खा.

आज सकाळी भगवान गोठ्याशी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाईनं त्या दिशी मला सांगितलं असतं न्हवं, तर तुला हाताला धरून एस्टीत बसवून दिला असता गावाकडं. पोरीच्या आसपास फिरकू दिला नसता."

"व्हय. दिला असतास."

"मग खोकायला कुणी लावलं असतं तिला?"

  म्हशीनं शेपूट मारलं, ते त्याच्या तोंडावर बसलं.

"माझं ऐकली नसती," तो म्हणाला. "सुनीताचं तर न्हाईच. बाईला तू पायजे होतास तिथं. तिनं तुला कामाला लावला, आबा."

बाई, सहा वर्षं मी समजून होतो, तू म्हाताऱ्याची अब्रू झाकलीस. त्याचं मला मोठं ओझंही वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटायची, की शिकली-सवरली बाई आपला मान ठेवते. आणि तू तर त्या दिवशी पोरीच्या बरगडीशिवाय कशाकडं बघतच नव्हतीस. तिला हलवू शकेल असा एक आवाज आणि दोन पंजे तुला हवे होते. ते चुकलेल्या माणसाचे होते, तर होते. तू ते उचललेस आणि वापरलेस. पुढंही वापरतच राहिलीस. मला हे कळायला माझा पोरगा लागला. लई बरं वाटलं, बाई. उपकारापेक्षा हे बरं. कामाचा माणूस म्हणून कुणी वापरलं, ह्यापरता मोठा मान मला ठाऊक नाही.

भगवाननंच फोन काढून माझ्या हातात दिला. "लाव त्या अमृताला. घरात समजलं, आता कुणाची लाज?"

लावला. तिला म्हणालो, लिहिणं होत आलंय, पोरगा आणून देईल. आणि पुढं म्हणालो, बाई जे सांगा सांगा म्हणत होती ते आता सांगायला तयार आहे, कुणी आलं तर मला बोलाव.

 ती म्हणाली, "आज्जा, आत्ता हाय की एक. गडहिंग्लजकडचं आजोबा. नात चार वर्षांची. दोन दिवस झालं, पोरगी खोकतच न्हाय, आणि आजोबा म्हणत्यात मी काय केलं न्हाय. देऊ फोन?"

"दे."

फोन इकडनं तिकडं गेल्याचा आवाज आला. मग एक घोगरा, ताठ आवाज आला, अगदी माझ्यासारखा.

"कोण बोलतंय?"

मी म्हशीच्या गव्हाणीच्या काठावर बसलो. भगवान समोरच उभा होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "ओ पावणं, खिशात काय हाय तुमच्या, ते सांगा आधी. माझ्यात गूळ होता."